पस्तीस दिवसांचे राष्ट्रपती

[दृश्य: नाशिक, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं जिल्हा न्यायालय. सकाळची गर्दी.]

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. तरीही रोज सकाळी इथं ही गर्दी असतेच. बागलाणातून, पेठ-सुरगाण्यातून पहिल्या एसटीने आलेली माणसं, पिशवीत सातबारा, हातात वकीलपत्र. समोर मुद्रांक विक्रेत्याकडे रांग. मुद्रांक छापण्याचं कामही आपल्याच नाशिक रोडच्या मुद्रणालयातलं.

न्यायमूर्ती म्हटलं की आपल्याला निफाडला जन्मलेले रानडे आठवतात. आज गोष्ट सांगायची आहे ती न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांची. देशाचे सरन्यायाधीश असतानाच ते राष्ट्रपतीही झाले.

[दृश्य: जुनं नागपूर, कृष्णधवल छायाचित्रं.]

जन्म १९०५ चा, लखनौचा. शिक्षण रायपूर, नागपूर आणि केंब्रिजला. पण वकील म्हणून ते घडले नागपुरात. १९३० मध्ये तिथं वकिली सुरू केली, विधी महाविद्यालयात शिकवलं, १९४६ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, १९६८ मध्ये सरन्यायाधीश झाले.

आणि मग १९६९ चा उन्हाळा आला.

३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कारभार पाहू लागले. पण गिरींना स्वतःलाच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. दोन्ही पदं रिकामी झाली तर काय, याचं थेट उत्तर राज्यघटनेत नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते ठरवण्याचा अधिकार मात्र तिने संसदेला दिला होता. संसदेने मे संपायच्या आत कायदा केला: अशा वेळी सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचं काम पाहायचं.

१९ जुलैला गिरींनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली. २० जुलैला राजीनामा दिला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. निवडून आलेले गिरी २४ ऑगस्टला परत येईपर्यंत, म्हणजे पस्तीस दिवस.

[दृश्य: बँकेची जुनी शाखा, पासबुक, खिडकीपुढची रांग.]

त्या १४ बँकांत आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. वटहुकमाच्या जागी संसदेने कायदा केला आणि ९ ऑगस्टला त्याला राष्ट्रपती म्हणून संमती दिली हिदायतुल्लांनी. पुढे त्याच कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. अकरा न्यायाधीश बसले, अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती जे. सी. शहा. सरन्यायाधीश हिदायतुल्ला त्या पीठावर नव्हते.

इथं जरा थांबावंसं वाटतं. स्वातंत्र्यानंतरच्या सर्वांत गाजलेल्या खटल्यांपैकी हा एक, आणि न्यायालयाचा प्रमुख बाहेर. ज्या कागदावर आपली सही आहे, त्याचा निवाडा आपण करायचा नाही. हे अंतर राखलं गेलं. १० फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. सरकारला नव्याने कायदा करावा लागला.

पुढे हिदायतुल्ला उपराष्ट्रपती झाले, १९७९ मध्ये, बिनविरोध. १९८२ मध्ये काही दिवस पुन्हा राष्ट्रपतींचं काम पाहिलं. १९९२ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

पण मला त्यांचा १९७० चा डिसेंबर जास्त मोलाचा वाटतो. संस्थानिकांची मान्यता काढून त्यांचे तनखे बंद करणारा आदेश राष्ट्रपती गिरींनी सप्टेंबरात काढला होता. ज्यांच्या राजीनाम्यामुळे हिदायतुल्ला राष्ट्रपती झाले, तेच गिरी. त्या आदेशालाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. या वेळी हिदायतुल्लांची सही कुठंच नव्हती, म्हणून ते पीठावर बसले, अध्यक्ष म्हणून. ज्या खुर्चीत आपण पस्तीस दिवस बसलो, त्याच खुर्चीतून निघालेला आदेश बहुमताबरोबर जाऊन त्यांनी अवैध ठरवला.

[दृश्य: संध्याकाळ. न्यायालयाचं आवार रिकामं होतंय.]

तारीख होती १५ डिसेंबर. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.