अर्ध्या वाक्याची बातमी
(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 2022 चा डिसेंबर तुम्ही विसरला नसाल. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला होता. बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं, एसटीनं इकडच्या फेऱ्या थांबवल्या. त्याच आठवड्यात बेळगावात आमच्या गल्लीत एका वाहिनीचा कॅमेरा आला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांना पत्रकारानं विचारलं, 'भीती वाटते का?' मी पिशवी घेऊन तिथंच उभा होतो. ते म्हणाले, 'भीती कसली वो? गल्लीत मराठी, कानडी सगळी एकत्रच राहतो की आम्ही. पोरगी कोल्हापूरला शिकते, ती अडकलीय, तिच्यासाठी तेवढी भीती वाटते.'

रात्री बातमीत त्यातले दोनच शब्द उरले होते, 'भीती वाटते'. मागे जळता टायर दिसत होता. आमच्या गल्लीत टायर जळालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारची कन्नड बाई त्यांच्या दुकानात दूध घ्यायला आली आणि हळूच म्हणाली, 'काका, आमची भीती वाटते तुम्हाला?' दुकानदारांना काय उत्तर द्यावं ते सुचेना. वाहिनी कुठल्या भाषेची ते मी सांगणार नाही, कारण हे दोन्ही भाषांत होतं.

त्या रात्री मला 'बॅबिलॉन 5' या अमेरिकन विज्ञान मालिकेतला एक भाग आठवला, 'द इल्युजन ऑफ ट्रुथ'. तो 1997 साली प्रसारित झाला. गोष्ट 2261 सालची. अंतराळात एक मोठं स्थानक आहे, तिथं माणसं आणि परग्रहावरचे लोक एकत्र राहतात. पृथ्वीवर हुकूमशाही आल्यावर स्थानकाचे प्रमुख कॅप्टन शेरिडन यांनी तिच्याशी संबंध तोडलेत. पृथ्वीच्या मोठ्या वृत्तवाहिनीवर सरकारी फौजांनी आधीच्या वर्षी हल्ला केला होता, प्रक्षेपण चालू असतानाच. आता ती वाहिनी पुन्हा सुरू झालीय, नाव तेच, मालक मात्र सरकार. तिचा पत्रकार डॅन रँडल स्थानकावर येतो आणि शेरिडनना पटवतो: तुम्ही बोलला नाहीत तरी कार्यक्रम होणारच, बोललात तर तुमची थोडीफार बाजू तरी लोकांपर्यंत जाईल. शेरिडन तयार होतात. त्यांच्या जागी मीही झालो असतो.

मग कार्यक्रम लागतो, आणि स्थानकावरची मंडळी स्वतःलाच पडद्यावर बघतात. इथं नीट लक्ष द्या. चित्रं बहुतेक खरी आहेत. डॉक्टर फ्रँकलिन यांच्या दवाखान्यात काही माणसं खरोखरच थंड नळकांड्यांत झोपवून ठेवलीत. शत्रूनं त्यांच्या शरीरात यंत्रं बसवलीत आणि ती काढायचा उपाय अजून सापडलेला नाही. बातमीत तेच दृश्य दिसतं, पण निवेदक सुचवतो की इथं माणसांवर प्रयोग करून माणूस आणि परग्रहवासी यांची मिश्र प्रजाती तयार करतायत. शेरिडनचं प्रेम परग्रहावरच्या डेलेनवर आहे, हेही खरं. त्यावर एक मानसतज्ज्ञ गंभीर चेहऱ्यानं आजाराचं नाव देतो. राजीनामा दिलेला सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डी जुन्या मित्रावर रागावलेला असतो. त्याचा राग कामाला येतो. म्हणजे चित्र डॉक्टरांचं, नाराजी मित्राची, पदवी तज्ज्ञाची. खोटेपणा फक्त जोडकामात.

या जोडकामाचं शास्त्र जुनं आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी 1920 च्या सुमारास एक प्रयोग केला. मोझ्झुखिन नावाच्या नटाचा एकच भावहीन चेहरा घेतला. त्यापुढे कधी सूपची वाटी जोडली, कधी शवपेटी, कधी एक स्त्री. प्रेक्षक म्हणाले, काय अभिनय करतो हा, भूक, दुःख, ओढ सगळं दिसतं! चेहरा बदललाच नव्हता. आमच्या दुकानदारांच्या चेहऱ्यापुढे टायर जोडला, इतकंच.

याच मालिकेत 1995 सालच्या एका भागात हीच वाहिनी बऱ्यापैकी प्रामाणिक वार्तांकन करताना दिसते. त्याच भागात मध्येच मन वाचणाऱ्यांच्या एका सरकारी संस्थेची जाहिरात लागते आणि क्षणभर, डोळ्याला जेमतेम कळेल इतकाच वेळ, 'या संस्थेवर विश्वास ठेवा' अशा अर्थाची अक्षरं चमकून जातात. त्या अक्षरांपेक्षा मला 1997 चा भाग जास्त भयंकर वाटतो. तिथं लपवलेलं काहीच नाही. सगळं उजेडात, नावानिशी, सुटाबुटात चाललंय.

आणि स्थानकावरच्या लोकांना ती लबाडी का कळते? कारण ते त्या खोलीत होते. पृथ्वीवरच्या माणसाला खोली दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त जोडलेली पट्टी येते, तीही एकाच बाजूची.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी त्या पृथ्वीवरच्या माणसाकडे नाही. खानापूर, निपाणी, बेळगाव इथला माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात आणि कचेरीत कन्नड. आपल्याला दोन्हीकडची बातमी कळते. त्या डिसेंबरात मी एकाच दगडफेकीची दृश्यं दोन वाहिन्यांवर पाहिली. एकीकडे दगड मारणारे हात आधी दिसले, दुसरीकडे फुटलेली काच आधी. एकीकडे 'आंदोलक', दुसरीकडे 'गुंड'. कुठल्या तुकड्यापाशी आवाज बंद केला तेही दिसलं, कारण दुसऱ्या वाहिनीवर तोच आवाज चालू होता. सीमाप्रश्नाबद्दल माझी मतं पक्की आहेत, ती तुम्हाला ठाऊक आहेत, आज ती बदललेली नाहीत. पण कुठलीही वाहिनी, माझ्या बाजूची असली तरी, जेव्हा शेजारच्या बाईला 'काका, आमची भीती वाटते?' असं विचारायला लावते, तेव्हा ती माझी बाजू मांडत नसते.

म्हणून वाचनालयाच्या कार्यवाहांना मी विनंती केली आहे. इथल्या टेबलावर मराठी वर्तमानपत्रं येतात. त्यांच्या शेजारी पुढच्या महिन्यापासून एक कन्नड दैनिकही ठेवावं, शक्यतो उघडं, एकाच घटनेच्या पानावर. वर्गणी मी भरतो. ज्यांना कन्नड अक्षरं येत नाहीत त्यांना वाचून दाखवायला आमच्या गल्लीतल्या त्याच बाई शनिवारी संध्याकाळी यायला तयार आहेत.