फिल्टर घेण्याआधी पाण्याची ओळख

नमस्कार. या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा आयोजकांनी एकच विनंती केली होती, की कोणता फिल्टर घ्यावा हे शेवटी स्पष्ट सांगा. ते मी सांगणार आहे. पण उत्तर घराघरात वेगळं येणार आहे, आणि ते आपलं आपण कसं काढायचं हे तुम्हाला इथून निघताना ठाऊक असावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आज बहुतेक जण आधी यंत्र पसंत करतात आणि मग त्यात आपलं पाणी सोडतात. हा क्रम उलटा व्हायला हवा.

टेबलावर दोन ग्लास ठेवलेत. दोन्हींत डिस्टिल्ड वॉटर आहे. माझ्या हातात आहे तो टीडीएस मीटर. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ. प्युरिफायर विकायला येणारी मंडळी हाच नळाच्या पाण्यात बुडवतात आणि आकडा दाखवतात. पहिल्या ग्लासात मी चिमूटभर मीठ टाकतोय. ढवळलं. बघा, जवळजवळ शून्यावर असलेला आकडा हजाराच्या पुढे गेला. आता दुसऱ्या ग्लासात चमचाभर साखर टाकू आणि पूर्ण विरघळू देऊ. मागच्या रांगांना दिसत नसेल म्हणून सांगतो, आकडा जेमतेम हललाय. पाण्यात चमचाभर पदार्थ विरघळलेला आहे, चव घेतली तर लगेच कळेल, पण मीटरला त्याचा पत्ता नाही.

याचं कारण साधं आहे. हा मीटर पदार्थ मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. मिठाचे विद्युतभारित कण होतात, साखरेचे होत नाहीत. बरीचशी कीटकनाशकं आणि सेंद्रिय रसायनंही साखरेसारखीच या मीटरमधून निसटतात. जंतूंचा तर प्रश्नच येत नाही. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम. शिशासाठीही तेवढीच. या मीटरची सर्वांत लहान पायरी आहे लिटरमागे 1 मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या दहापट आर्सेनिक असलं, तरी त्याने इथला आकडा बदलणार नाही. पाण्याचा टीडीएस 90 आहे म्हणून ते सुरक्षित आणि 400 आहे म्हणून घातक, असं कुणी सांगत असेल तर त्या बोलण्याला काही आधार नाही.

मग मीटर टाकून द्यायचा का? मुळीच नाही. चवीचा अंदाज त्यावरून छान येतो. लिटरमागे साधारण 600 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चवीला चांगलं लागतं, 1000 च्या पुढे ते नकोसं व्हायला लागतं. दुसरा उपयोग आरओच्या तपासणीसाठी. आरओ म्हणजे दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलणारं यंत्र, त्याकडे मी नंतर येतो.

पाण्यातल्या त्रासाचे ढोबळ तीन प्रकार करू. एक जिवंत त्रास, म्हणजे जिवाणू, विषाणू आणि त्यांच्याहून मोठे परजीवी. दुसरा विरघळलेला, म्हणजे क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसं. तिसरा गाळ, रंग, वास आणि क्लोरीनची चव. गंमत अशी की तिसऱ्याची आपण सर्वांत जास्त तक्रार करतो, कारण तो डोळ्यांना आणि नाकाला कळतो. पहिले दोन बहुधा कळतच नाहीत. बांगलादेशात 1970 च्या दशकात जंतूंनी दूषित तळ्यानाल्यांचं पाणी टाळावं या चांगल्या हेतूने गावोगावी कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ आलं, जुलाब कमी झाले. त्याच पाण्यात जमिनीतलं आर्सेनिक होतं, हे 1990 च्या दशकात उघड झालं. रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून बोअरचं पाणी पिणाऱ्यांना माझा आग्रह आहे: यंत्राच्या दुकानात जाण्याआधी प्रयोगशाळेत जा. जंतू, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, लोह आणि कठीणपणा एवढं तरी तपासून घ्या.

नगरपालिकेचं पाणी असेल तर तपासणीचे अहवाल बहुतेक ठिकाणी मागितले की मिळतात. ते जरूर वाचा, पण तो अहवाल जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्याचा असू शकतो. तुमच्या तोटीपर्यंत यायला त्याला पाइप आणि टाकी पार करावी लागते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 साली पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइपांना गंजू न देणारं रसायन नव्या पाण्यात घातलं गेलं नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं थेट घरांत उतरलं. केंद्रातून निघताना ते शिसं पाण्यात नव्हतंच. जुन्या इमारतीत राहत असाल तर शिशाचा नमुना सकाळी उठल्याउठल्या घ्या, रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्याचा, नळाची पहिली धार न सोडता. दुपारी नळ भरपूर वाहिल्यावर घेतलेल्या नमुन्यात दोष लपून जाईल.

आता यंत्रं. गाळाचा फिल्टर फार वेळ घेणार नाही, तो हवाच. मात्र वेष्टनावर '1 मायक्रॉन', म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, असं लिहिलेलं असेल तर तो आकडा ॲब्सोल्यूट आहे की नॉमिनल, हे विचारा. ॲब्सोल्यूट म्हणजे त्या मापाचे कण जवळजवळ सगळेच अडतील. नॉमिनल म्हणजे ते बऱ्यापैकी अडतील, काही निसटतील. हा फरक किती मोलाचा आहे त्याचं एक उदाहरण आहे. 1993 साली अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी शुद्धीकरण केंद्रातून निसटला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. नेहमीच्या क्लोरीनला तो दाद देत नाही. पण तो 4 ते 6 मायक्रॉनचा असतो, त्यामुळे 1 मायक्रॉनच्या ॲब्सोल्यूट फिल्टरमध्ये अडकतो, आणि अतिनील किरणांनी निकामीही होतो.

सक्रिय कार्बन मला फार आवडतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटरचा पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांत दडलेला असतो. क्लोरीन, वास आणि अनेक सेंद्रिय रसायनं त्यावर धरून ठेवली जातात. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट मात्र त्यातून सरळ पुढे जातात. आणि क्लोरीन निघून गेलं की जंतूंना आवर घालणारं पाण्यात काही उरत नाही. म्हणून कार्बननंतरचं पाणी साठवून ठेवायला मी नेहमी कचरतो.

जंतूंसाठी घरात मुख्यतः दोन मार्ग आहेत, यूएफ आणि यूव्ही, म्हणजे अतिनील किरण. यूएफ म्हणजे अतिबारीक पोकळ तंतूंची चाळण. विजेशिवाय चालते, जिवाणू आणि परजीवी अडवते. विषाणूंचं मात्र यंत्रागणिक बदलतं, कारण ते फार लहान असतात. फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ शार्ल शांबरलां यांनी 1884 मध्ये चिनी मातीची कँडल बनवली, तिच्यातून जिवाणू जात नसत. 1892 मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस तसल्याच कँडलमधून गाळला, तरी त्या रसाने निरोगी रोपं आजारी पडली. विषाणूंचा शोध असा एका पाणी गाळायच्या फिल्टरमुळे लागला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

यूव्हीमध्ये साधारण 254 नॅनोमीटरचे किरण जंतूंच्या डीएनएवर आघात करतात, त्यांची वाढच थांबते. विषाणूंवरही ते चालतं. अट एवढीच, की पाणी नितळ हवं. गढूळ कणांच्या सावलीत जंतू वाचतात. दुसरी अडचण अशी, की दिवा निळा उजेड देत राहतो आणि आतले उपयोगी किरण मात्र हळूहळू क्षीण होत जातात. नेहमीचा पाऱ्याचा दिवा सतत चालू राहत असेल तर साधारण वर्षभरात बदलावा लागतो. 'दिवा तर लागतोय की' हे कारण सांगू नका. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर क्षारांचा थर बसतो, तीही पुसायला हवी.

राहिला आरओ. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोब आणि सौरीराजन या संशोधकांनी वापरण्याजोगा पडदा तयार केला तो खारं पाणी गोडं करण्यासाठी. हे काम आरओ उत्तम करतो. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसं किंवा फारच खारं पाणी, यांपैकी काही तुमच्या अहवालात असेल तर न कचरता आरओ घ्या. नसेल तर घेऊ नका. साधं घरगुती यंत्र एका लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर, कधी त्याहून जास्त पाणी सोडून देतं. ज्या पाण्यात मुळात काढण्यासारखं काही विरघळलेलं नाही, त्यासाठी एवढं पाणी दररोज मोरीत जाताना पाहून मला खरोखर वाईट वाटतं. आधीच आरओ बसवला असेल तर ते पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा.

आरओबरोबर एक सोय पुष्कळदा दिली जाते, टीडीएस कंट्रोलर. चव टिकावी म्हणून पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळायचं. चवीसाठी ठीक आहे. पण तुम्ही आरओ आर्सेनिकसाठी घेतला असेल, तर त्या वाटेने आर्सेनिकही परत पेल्यात येतंय. अशा घरात ती वाट पूर्ण बंद असली पाहिजे. हे बसवणाऱ्याकडून समोर उभं राहून करून घ्या.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: 'पाणी उकळलं तर यातलं काही लागतं का?' जंतूंसाठी खळखळून उकळणं आजही उत्तम उपाय आहे. पण विरघळलेलं काही उकळून जात नाही, उलट पाण्याची वाफ झाल्यामुळे त्याचं प्रमाण थोडं वाढतं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी उकळून तान्ह्या बाळाच्या दुधात घालणं धोक्याचं आहे. त्याने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, बाळ निळं पडू शकतं.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी कागदावर बघा. पहिली, प्रमाणपत्र कशासाठी आहे. एनएसएफ या अमेरिकेतल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या मानकांत 42 हा क्रमांक चव, वास, क्लोरीन यांसाठी आहे, 53 आरोग्याला घातक पदार्थांसाठी, 55 यूव्हीसाठी आणि 58 आरओसाठी. फक्त 42 असलेला फिल्टर शिसं काढेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. 53 असला तरी यादीत तुमचा पदार्थ आहे का ते पाहा. दुसरी, टक्केवारी. 99.9 टक्के जंतू मरतात हे ऐकायला छान वाटतं, पण दहा लाखांतले हजार उरतात. जिवाणूंसाठी 99.9999 टक्के, विषाणूंसाठी 99.99 टक्के, अशी कडक कसोटी काही प्युरिफायरना लावली जाते. हे नऊ किती आहेत ते मोजा.

आणि मग स्वतःला विचारा, याची देखभाल घरात कोण करणार? बसवल्याच्या दिवशीच कार्ट्रिजवर, म्हणजे फिल्टरच्या आतल्या बदलायच्या नळकांड्यावर, न पुसणाऱ्या शाईने तारीख लिहा. आरओ असेल तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस पहिल्या आठवड्यात नोंदवा. मीटरचा दुसरा उपयोग म्हटलं होतं तो हाच. येणारं पाणी तेच असताना बाहेरचा आकडा चढत गेला, तर पडदा दमला किंवा फाटला असं समजा. गाळाच्या फिल्टरचं वापरलेलं कार्ट्रिज बदलताना एकदा कापून बघा. बाहेरून आत तपकिरी रंग किती खोल गेलाय त्यावरून ते वेळेत बदललं की उशिरा, हे डोळ्यांना दिसतं. गाभ्यापर्यंत रंग पोहोचला असेल तर पुढच्या खेपेला मुदत कमी करा.

काही दिवस घर बंद ठेवून परत आलात तर यंत्रात आणि त्याच्या टाकीत थांबलेलं पाणी पिऊ नका. टाकी एकदा पूर्ण रिकामी करा, पुन्हा भरू द्या, तेही पाणी सोडून द्या आणि त्यानंतरचं प्या. नवीन यंत्र बसवल्यावर महिनाभराने बाहेर येणाऱ्या पाण्याचा नमुना त्याच प्रयोगशाळेत द्या. ज्या पदार्थासाठी यंत्र घेतलं, त्याचा आकडा दोन्ही अहवालांत शेजारीशेजारी ठेवून वाचा. उतरलेला नसेल तर बसवणाऱ्याला बोलवा, आणि आकडा उतरेपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा.