झुडपीचं रेकार्ड

(दृश्य : गुरं माळाकडे निघालेली)

ढोरकी रोज सकाळी गुरं आणतो ती याच माळावर. पळस, बोरी, काटेरी झुडपं. खाली सगळा मुरूम, नांगर लागत नाही. भंडारा जिल्ह्यातलं हे गाव या जमिनीला नुसतं 'झुडपी' म्हणतं. महसुली दप्तरात मात्र पूर्ण नोंद आहे, 'झुडपी जंगल'.

नोंद मध्यप्रांताच्या काळापासूनची. पूर्व विदर्भातल्या सहाही जिल्ह्यांत ती सापडते. गावं वाढली तशी अशा जमिनींवर घरं झाली, शाळा झाल्या. समोर दिसते ती शाळाही झुडपीवरच आहे.

1980 साली वन संवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामाला लावायची तर केंद्राची परवानगी हवी. पण वन कशाला म्हणायचं, हे त्या कायद्यात नव्हतं. ते 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात सांगितलं : शब्दकोशातल्या अर्थानं जे वन ते वन, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही वन, मालकी कोणाचीही असो. माळावर प्रत्यक्षात काय उगवतं, ते मग कोण पाहतो? सर्वोच्च न्यायालयाच्याच 22 मे 2025 च्या निकालानंही झुडपी हे वनच ठरवलं. 1996 पूर्वी रीतसर वाटलेल्या जमिनींना दिलासा मिळाला, नंतरची घरं टांगणीला आहेत.

(दृश्य : निस्तार पत्रक, जवळून)

आता हा कागद नीट पाहा. हे निस्तार पत्रक, जमीन महसूल संहिता 1966, कलम 161. निस्तार म्हणजे गावानं रोजच्या गरजांसाठी करायचा जमिनीचा वापर. गावच्या पडीत जमिनीवर गुरं कुठं चरायची, जळण, मुरूम, माती कुठून घ्यायची, ते यात लिहिलेलं असतं. ते ठरवताना गावकऱ्यांचं म्हणणं घ्यावं, असं कायदाच सांगतो. "आज्याच्या काळापासून ढोरं चरतात" एवढंच साहेबापुढं बोललं तर माणूस तसाच परत येतो. गट नंबर आणि कलम सांगितलं की बाबूला फाईल काढावी लागते. कायद्याची भाषा गावाला यायलाच हवी, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आणि जमीन जर वन ठरली, तर 2006 चा वनहक्क कायदाही तिथं आला. निस्तार आणि चराई हे त्या कायद्यात सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत.

(दृश्य : ग्रामसभा)

ही ग्रामसभा त्याच कायद्याखाली सामूहिक दावा लिहिते आहे. सोबत निस्तार पत्रकाची नक्कल जोडली आहे.