बिनविरोध

कांद्याचा लिलाव तुम्ही कधीतरी बघितला असेल. ट्रॅक्टरची रांग, ट्रॉलीवर चढलेली माणसं, व्यापारी दोन कांदे हातात घेऊन बघतो आणि बोली सुरू होते. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे, हे कांद्याच्या बाजाराचं गाव. पण 2020 संपता संपता तिथल्या एका लिलावाचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागले आणि त्यात कांदा नव्हताच. लोक जमलेत, कुणीतरी बोली पुकारतंय, आकडा चढतोय, लाखातनं कोटीत गेला, आणि 2 कोटी 5 लाखाला थांबला. बोली कशाची, तर ग्रामपंचायतीतल्या सरपंच-सदस्यपदाची. पैसा गावच्या मंदिराला जाणार, गाव बिनविरोध होणार, भांडण नाही तंटा नाही.

नंदुरबार जिल्ह्यात खोंडामळीलाही हाच प्रकार, तिथं 42 लाख. राज्य निवडणूक आयोगानं अहवाल मागवले, व्हिडिओ तपासले आणि मतदान तोंडावर आलेलं असताना दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. बाकी राज्यात 15 जानेवारी 2021 ला मतदान झालं, एकूण 14 हजार 234 ग्रामपंचायतींचा तो कार्यक्रम होता.

आता यातली खरी गंमत ऐका. त्या वेळी सरपंच थेट जनतेतनं निवडायचा नव्हता, सदस्यांनी आपल्यातनं निवडायचा होता, आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत सरकारनं मुद्दाम निवडणुकीनंतर ठेवली होती, म्हणजे खुर्ची ओपनला जाणार, ओबीसीला, एससी-एसटीला का महिलेला, हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि तरी बोली लागली! वर सरपंचाचं मानधन तेव्हा किती, तर लोकसंख्येप्रमाणं महिन्याला 3 ते 5 हजार. 2024 ला ते डबल झालं, 6 ते 10 हजार. आता 5 हजारानं 2 कोटी वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच काढा.

मग माणूस एवढा पैसा का लावतो. थोडी हौस असते, थोडी भावकीतली जुनी खुन्नस असते. पण ग्रामपंचायत आता पूर्वीसारखी दिवाबत्ती आणि झाडूवाल्यापुरती राहिली नाही हेही आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा आपल्याकडं आलेला पैसा, त्यातला 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला, उरलेल्यात पंचायत समिती आणि झेडपी. गटार, पाण्याची टाकी, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा रस्ता, सगळ्याला सरपंच आणि ग्रामसेवकाची सही लागते. शिवाय आमदार-खासदारकीला गावातली मतं कुणाच्या हातात आहेत हे तालुक्याच्या नेत्याला इथंच कळतं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवतच नाहीत, कपबशी, छत्री, शिट्टी असलं काहीतरी असतं, पण निकालाच्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक पक्ष सांगतो एवढ्या ग्रामपंचायती आमच्या आल्या, आणि सगळ्यांची बेरीज केली तर गावांपेक्षा जास्त भरते.

खर्चाची मर्यादा पण असते बरं का. 2021 च्या त्या निवडणुकीत सात-नऊ सदस्यांच्या गावात सदस्यपदाच्या एका उमेदवाराला 25 हजार होती. ढाब्यावरची जेवणं ज्यांनी बघितलीत त्यांनी हसू नये.

तर बिनविरोध. शब्द ऐकायला गोड आहे. आणि तो दरवेळी वाईटच असतो असंही नाही, निवडणुकीनं घरं फुटतात, सख्खे भाऊ एकमेकाच्या बांधाला जात नाहीत, हे आम्ही पण बघितलंय. म्हणून तर नेतेमंडळी बक्षीस लावतात. पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी जाहीर केलं होतं, गाव बिनविरोध करा, 25 लाखाचा निधी देतो. पण मला एक कळत नाही, रस्ता खराब आहे म्हणून निधी मिळावा का मतदान केलं नाही म्हणून?

त्याच नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये, हिवरे बाजार आहे. बिनविरोधचं सगळ्यात चांगलं उदाहरण द्यायचं तर हेच गाव देतात. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं गाव, माणसं कामासाठी बाहेर जायची, आणि 1989 मध्ये पोपटराव पवार नावाचा एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा पोरगा बिनविरोध सरपंच झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, चर काढले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पण माझ्या मते खरं काम ग्रामसभेत झालं. पाऊस किती पडला, गावात पाणी किती आहे, पहिलं प्यायला किती, मग जनावरांना, मग उरलं तर पीक कुठलं घ्यायचं, हा पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडायचा. शेतीला बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही. शेतकऱ्याला बोअर घेऊ नको म्हणणं सोपं आहे का? वर्षानुवर्षं बसून, भांडून, समजावून झालेलं आहे ते. म्हणजे तिथं विरोध होता, तो पेटीत जायच्या आधी चारचौघात बोलून होत होता.

आणि त्याच हिवरे बाजारात 2021 ला तीस वर्षांनी निवडणूक लागली. समोर पॅनल उभं राहिलं. बाहेर चर्चा अशी की झालं, गावाला नजर लागली. निकाल काय, पवारांच्या पॅनलच्या सातपैकी सात जागा. मला तर वाटतं बरं झालं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिथल्या लोकांना बटण दाबून सांगता आलं की हो, हेच पाहिजे. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, पाटोद्यात त्याच निवडणुकीत उलटं झालं, आदर्श गाव म्हणून राज्यभर ज्यांची भाषणं ऐकली जातात त्या भास्करराव पेरे पाटलांची मुलगी पडली. गावानं तेही बटणानंच सांगितलं.

सरकारचं पण एक ठरत नाही. 2017 ला सरपंच थेट जनतेतनं, 2020 ला सदस्यांतनं, 2022 ला परत जनतेतनं. सरकार बदललं की सरपंच निवडायची पद्धत बदलते. थेट निवडीत एक होतं, सदस्य सहलीला नेऊन लपवायची भानगड कमी होते, पण सरपंच एका पॅनलचा आणि सदस्य दुसऱ्याचे असले की पाच वर्षं मिटिंगमध्ये नुसती तोंडं वाकडी.

आणि या सगळ्यावर कायद्यात एक जागा आहे, 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात, ती म्हणजे ग्रामसभा. वर्षाला कमीत कमी चार. गावातल्या प्रत्येक मतदाराला हिशोब विचारायचा हक्क. कोरम किती, तर 15 टक्के मतदार किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. शंभर माणसं! लग्नाच्या हळदीला याच्या तिप्पट येतात.

आमच्या गावचं सांगतो, नाव नको. 15 ऑगस्टला झेंडा झाला, जिलेबी वाटली, पोरं पांगली, मंदिरात सतरंजी टाकली त्यावर बारा-तेरा माणसं, त्यातली चार जण सावलीला आलेली. अर्धा तास वाट बघितली, कोरम नाही म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभा परत भरते ना, तिला कोरम लागत नाही. ही पळवाट गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला पाठ आहे, जनतेला नाही.

पुढच्या आठवड्यात ती सभा झाली म्हणे. कधी झाली, मला माहीत नाही. संध्याकाळी शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर काखेत मारून दारात आला, म्हणाला दादा, एक सही द्या. मी विचारलं विषय काय होता. तो म्हणाला, मला कुठं वाचता येतंय, सगळ्यांनी दिल्यात. आतनं आई ओरडली, अरे देऊन टाक, त्याला अजून दहा घरं हिंडायचीत.

मी दिली सही.