तेल खवट होतं ते थेंबाच्या कडेला

ही काचेची बरणी बघा. अर्धी पाणी, वर चमचाभर जवसाचं तेल. आता भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकते, झाकण लावते आणि खळखळ हलवते... झालं दुधासारखं! तेलाचे बारीक बारीक थेंब झाले आणि प्रत्येकाच्या अंगावर लिक्विडमधल्या सर्फॅक्टंटचं झबलं चढलं. सर्फॅक्टंटच्या रेणूचं डोकं पाण्यात, शेपूट तेलात.

झबलं म्हणजे तेलाला संरक्षण, असं मला वाटायचं. पण या झबल्याने तेल उलट लवकर खवट होतं.

कसं ते सांगते. ऑक्सिजनमुळे तेलात आधी हायड्रोपेरॉक्साइड बनतात. त्यांना वास नसतो, पण ते फुटले की जवसाच्या तेलाला चक्क ऑइलपेंटसारखा वास मारतो. फोडतं कोण? पाण्यातलं लोह, अगदी अंशभर असलं तरी. हे हायड्रोपेरॉक्साइड तेलाच्या पोटात फारसे रमत नाहीत, थेंबाच्या कडेला येऊन बसतात. म्हणजे लोहाशी गाठ पडते ती झबल्यापाशीच.

आणि आपल्या लिक्विडचं झबलं ऋण प्रभाराचं. लोहाचे आयन धन प्रभाराचे, ते खेचलेच जाणार! १९९९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी साल्मन माशाच्या तेलावर हे तपासलं. ऋण प्रभाराच्या सर्फॅक्टंटमधलं तेल लवकर बिघडलं. धन प्रभाराचं झबलं लोहाला लांब ढकलतं, तिथं तेल जास्त टिकलं.

गंमत म्हणजे सर्फॅक्टंट गरजेपेक्षा जास्त झालं, तर उरलेले रेणू पाण्यात आपापले गोळे करून बसतात. त्यांना मायसेल म्हणतात. हे मायसेल हायड्रोपेरॉक्साइडना थेंबावरून उचलून नेतात आणि खवटपणा लांबणीवर पडू शकतो.

आता मेयोनेज. तिथं झबलं असतं अंड्याच्या पिवळ्या बलकाचं. बलकातलं फॉस्विटिन नावाचं प्रथिन लोह घट्ट धरून ठेवतं. पण व्हिनेगर पडलं, पीएच ४ च्या आसपास उतरला, की ती पकड सैल होते. लोह मोकळं, आणि तेही थेंबाच्या अगदी दारात. म्हणून बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरांत ३८५ हा आकडा सापडतो. ते ईडीटीए, लोहाला पकडून ठेवणारं. आकडा दिसला की आपण उगाच दचकतो. इथं तो कामाचा आहे.

घरच्या मेयोनेजमध्ये कच्चं अंडं असतं, ते तसंही एकदोन दिवसांत संपवायचं. त्याला खवट व्हायला सवडच कुठे मिळते!