चालत्या गाडीच्या इंजिनाची नोंद लॅपटॉपवर : सोलापूर ते तुळजापूरचा घाट

नमस्कार. एरवी नीट चालणारी पेट्रोल गाडी मे महिन्यात सोलापूरहून तुळजापूरला निघाली की घाटात दम सोडते आणि परत येऊन गॅरेजमध्ये दाखवली की तिथे तिला काहीच होत नाही, ही तक्रार पुष्कळांच्या ओळखीची असेल. दोष घाटात दिसतो आणि तपासणी उभ्या गाडीची होते, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. म्हणून या व्हिडिओत आपण एक साधा लॅपटॉप इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला जोडून, चालत्या गाडीचे आकडे फाइलमध्ये कसे उतरवावेत ते पाहू.

(दृश्य : स्टिअरिंगखालचे सॉकेट)

चालकाच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, १६ पिनांचे हे ओबीडी सॉकेट, म्हणजे इसीयूशी जोडणी करून तपासणी करण्याची जागा, असते. आपल्या शहराच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बीएस-४ (भारत स्टेज ४) हा गाड्यांच्या धुराच्या प्रदूषणाचा निकष २०१० साली दिल्ली परिसर आणि अन्य १३ शहरांत प्रथम लागू झाला, आणि त्या १३ शहरांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. उर्वरित देशात तो पूर्णपणे यायला एप्रिल २०१७ उजाडले. त्यामुळे जुनी गाडी घेतलेली असेल, तर ती मुळात कोणत्या गावच्या नोंदणीची आणि कोणत्या निकषाची आहे हे आरसी पुस्तकावरून आधी पाहावे, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांतील इसीयू वेगवेगळ्या क्षमतेचे असू शकतात.

आता टॉर्च घेऊन सॉकेटच्या आत पाहा. १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा प्लस कायम असतो, ४ आणि ५ या अर्थच्या पिना आहेत. ६ आणि १४ या जागी धातूचे संपर्क दिसले, तर गाडी बहुधा कॅन या जलद संदेशपद्धतीने बोलते आणि तिचा वेग साधारणपणे सेकंदाला ५,००,००० बिट असतो. त्या दोन जागा रिकाम्या असून ७ क्रमांकाची पिन भरलेली असेल, तर ती के-लाइन ही जुनी संदेशपद्धत आहे आणि तिचा वेग सेकंदाला केवळ १०,४०० बिट एवढाच असतो. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते पुढे कळेल.

केबल यूएसबीचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लूटूथचा डोंगल मोबाइलवर एरर कोड पाहण्यापुरता ठीक असतो. तासभर सलग नोंद घ्यायची असेल, तर मध्येच तुटणारा संपर्क सगळी मेहनत वाया घालवतो. स्वस्त केबलींमध्ये ईएलएम ३२७ या, गाडीची भाषा लॅपटॉपला समजावून देणाऱ्या चिपची नक्कल असते आणि त्यांच्या खोक्यावर पुष्कळदा १.५ ही आवृत्ती छापलेली असते. मूळ कंपनीने या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तेव्हा खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये.

लॅपटॉप जुना चालेल, फक्त त्यात एसएसडी असावी, कारण खड्ड्यांच्या हादऱ्यांनी फिरती हार्ड डिस्क बिघडू शकते. केबलचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिला मिळालेला कॉम पोर्टचा क्रमांक टिपून घ्यावा. केबलमध्ये एफटीडीआय या कंपनीची यूएसबी चिप असेल, तर त्याच ठिकाणी पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर, म्हणजे आलेले उत्तर पुढे देण्याआधी थांबण्याचा वेळ, १६ मिलिसेकंदांवर ठेवलेला आढळेल. तो १ वर आणावा. झाकण मिटल्यावर किंवा काही काळ हात न लागल्यास लॅपटॉप झोपी जाणार नाही आणि यूएसबीचा पुरवठा तोडणार नाही, अशी पॉवरची व्यवस्था करावी.

(दृश्य : टर्मिनलची खिडकी)

लॉगिंगचे तयार सॉफ्टवेअर उघडण्याआधी साध्या टर्मिनलमधून इसीयूशी एकदा थेट बोलून पाहावे, असा माझा आग्रह आहे. पोर्टचा वेग बहुतेक केबलींना ३८४०० लागतो. चावी ऑन करून 'एटीझेड' (इंग्रजीत ATZ) लिहिले की केबल आपले नाव सांगते, 'एटीआरव्ही' (ATRV) लिहिले की बॅटरीचा व्होल्टेज दाखवते आणि 'एटीएसपी०' (ATSP0) लिहिल्यावर ती गाडीची भाषा स्वतः शोधते. इंजिन चालू करून '०१०सी' (010C) असे विचारले की उत्तर '४१ ०सी १ए एफ८' (41 0C 1A F8) अशा रूपात येते. यातील शेवटचे दोन आकडे षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या पद्धतीचे आहेत : १ए म्हणजे २६ आणि एफ८ म्हणजे २४८. सव्वीसला २५६ ने गुणून त्यात २४८ मिळवले आणि आलेल्या ६९०४ ला ४ ने भागले की १७२६ हा इंजिनाचा आरपीएम मिळतो. सॉफ्टवेअर पडद्यामागे हेच गणित करते. ते एकदा हाताने केलेले असले, म्हणजे उद्या एखादा आकडा विचित्र दिसल्यास चूक गाडीची की सॉफ्टवेअरची हे ठरवता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. इसीयू आपणहून आकडे पाठवत नाही. केबल एकेक प्रश्न विचारते आणि उत्तर आल्यावरच पुढचा विचारते. समजा, सेकंदाला १० प्रश्नोत्तरे होत आहेत आणि हौसेने आपण २० चॅनेल, म्हणजे नोंदवायच्या २० गोष्टी, निवडल्या, तर प्रत्येक चॅनेलचा आकडा दोन सेकंदांतून एकदाच मिळेल. घाटात तेवढ्या वेळात गिअर बदलून इंजिनाची अवस्थाही पालटलेली असते. के-लाइनच्या गाडीत परिस्थिती याहून बिकट होते. म्हणून प्रश्न आधी ठरवावा आणि मग चॅनेल निवडावेत. आपला प्रश्न ओढीचा आहे, तेव्हा आरपीएम, थ्रॉटल (हवेची झडप किती उघडी आहे), मॅनिफोल्डचा दाब (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हे चार वेगाने घ्यावेत. कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इसीयूने इंधनाच्या मात्रेत केलेली दीर्घकालीन दुरुस्ती) सावकाश बदलतात, ते काही सेकंदांतून एकदा घेतले तरी पुरतात. आपण स्वतः पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणार असाल, तर '०१०सी' ऐवजी '०१०सी१' असे विचारावे. एकच उत्तर येणार हे कळल्यामुळे केबल आणखी उत्तरांची वाट पाहत थांबत नाही आणि वेग लक्षणीय वाढतो.

निघण्यापूर्वी सेन्सरची परीक्षा घ्यावी. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे चावी ऑन आणि इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब ९६ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा. पुस्तकातला १०१ हा आकडा समुद्रकाठचा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहाटे कूलंटचे आणि हवेचे तापमान जवळपास सारखे असावे. तिथेच १० अंशांचा फरक दिसला, तर आधी सेन्सर पाहावा, घाट नंतर.

प्रवासात लॅपटॉप दुसऱ्या व्यक्तीने मागच्या सीटवर बसून सांभाळावा. पुढच्या प्रवाशाच्या मांडीवर तो एअरबॅगच्या वाटेत येतो, आणि चालकाने पडद्याकडे पाहण्याचा तर प्रश्नच नाही. घाटाचा तोच टप्पा त्याच गिअरमध्ये एकदा एसी लावून आणि एकदा बंद करून चढावा, आणि सोबत्याने ठळक घटनांची घड्याळातली वेळ वहीत लिहावी.

(दृश्य : आलेख)

आलेख वाचताना आधी मॅनिफोल्डचा दाब पाहावा. टर्बो नसलेल्या इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तो बाहेरच्या हवेच्या दाबाजवळ पोहोचला पाहिजे. घाटावर हवेचाच दाब थोडा उतरतो, तेवढी सूट द्यावी. तो त्याहून बराच खाली अडकत असेल, तर हवेच्या वाटेत अडथळा आहे, आणि सर्वप्रथम एअर फिल्टर उघडावा. दाब नीट असून हवेचे तापमान चढेल तसे टायमिंग मागे सरकत असेल, तर इसीयू नॉकिंगपासून, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांपासून, इंजिनाला वाचवत आहे. मग उष्णता, पेट्रोलचा दर्जा आणि ज्वलनकक्षातील कार्बन या दिशेने शोध घ्यावा. पूर्ण थ्रॉटलवरच्या फ्युएल ट्रिमवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण त्या वेळी इसीयू बहुधा ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नसतो. काही गाड्यांत मॅनिफोल्डच्या दाबाऐवजी हवेच्या प्रवाहाचा सेन्सर असतो. त्यांचे वाचन निराळे, आणि त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करावा लागेल.

फाइल सीएसव्ही स्वरूपात, नावात तारीख, इंधन आणि मार्ग घालून जपून ठेवावी. सीएनजी किट असलेल्या गाडीची नोंद दोन्ही इंधनांवर वेगवेगळी घ्यावी. एरर कोड पुसण्याचे बटण घाईने दाबू नये, कारण दोष घडला त्या क्षणाचे गोठवलेले आकडेही त्याबरोबर पुसले जातात. आणि काम संपल्यावर केबल सॉकेटमधून काढून घ्यावी; १६ क्रमांकाच्या पिनेला चावी बंद असतानाही वीज असते, आणि आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी त्यामुळे उतरू शकते.