पाठीला लागलेली माती

[दृश्य: पहाटेचा अंधार. तालमीचं ठेंगणं दार, आत एकच पिवळा दिवा.]

पहाटेचे साडेचार. बेळगाव तालुक्यातलं एक गाव. दुधाच्या किटल्या अजून रस्त्यावर यायच्या आहेत. तालमीत मात्र मारुतीपुढं दिवा लागलाय आणि दोन पोरं फावडी घेऊन हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, उतरलीत.

माती खणणं हा इथला पहिला व्यायाम. रात्रभर बसून घट्ट झालेली तांबडी माती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत उकरायची, ढेकळं फोडायची, खडा सापडला तर वेचून बाहेर टाकायचा. या मातीत तेल आहे, ताक आहे, हळद आहे, लिंबाचा रस आणि कापूर आहे. यात्रा जवळ आली की हे सगळं पुन्हा नव्यानं मुरवतात. किती घालायचं, याचं माप कुठं लिहून ठेवलेलं नाही. वस्ताद मूठभर माती उचलतात, दाबतात, मूठ उघडतात. गोळा घट्ट राहिला तर ओल जास्त. धूळ होऊन उडाली तर ओल कमी. पायानं इकडची माती तिकडं सारतात आणि पुढं जातात.

बघा, हा पोरगा हौद्यात उतरताना आधी माती कपाळाला लावतोय. त्याला हे कुणी शिकवलं नाही. थोरल्या भावाला बघून लावतो.

[दृश्य: जोर, बैठका, सपाट्या. घामाचे थेंब मातीत पडताना.]

जोर, बैठका, सपाट्या. मग जोडीजोडीनं खडाखडी, म्हणजे उभ्यानं झोंबायचा सराव. इथं डावांची नावं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. एकेरी पट, ढाक, घिस्सा, कलाजंग, मोळी. वस्ताद काठी टेकून कडेला उभे. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. “गुडघा बघ त्याचा. तोंड काय बघतोस गा?”

[दृश्य: तालमीबाहेरचा कट्टा. एका मोबाइलवर पाच डोकी.]

व्यायाम संपला. पोरं कट्ट्यावर आली आणि मोबाइलवर ही चित्रफीत सुरू झाली.

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगर. ६७वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा, गादी विभागाची, म्हणजे फोमच्या गादीवरची, शेवटची कुस्ती. एका बाजूला पृथ्वीराज मोहोळ, दुसऱ्या बाजूला दोन वेळचा महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे. मोहोळनं डाव टाकला, राक्षे खाली गेला, पंचांनी चितपट दिलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. पुन्हा बघा. दाद लागली नाही, तेव्हा त्यानं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच संध्याकाळी माती विभाग जिंकून आलेला महेंद्र गायकवाड आणि मोहोळ महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी भिडले. शेवटचे काही सेकंद राहिले असताना एका गुणावरून गायकवाड मैदान सोडून निघाला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

गदा तिकडची. वाद मात्र आमच्या इथल्या प्रत्येक पारावर झाला, अजून होतो. बघा, हा पोरगा बोटानं चित्र थांबवतोय. “टेकलाय.” दुसरा म्हणतो, “कुठं टेकलाय? डावा खांदा वर हाय की.” पुन्हा मागं नेतात, पुन्हा थांबवतात.

माझं मत मी सरळ सांगतो. पंचावर हात टाकणं चूक, त्याला दुसरी बाजू नाही. आमचे वस्ताद तर म्हणाले, “माझा पट्ठा असता तर मीच लंगोट उतरवून घेतला असता.” पण पुन्हा बघा म्हणणं चूक नव्हतं. ज्या खेळात दोन खांद्यांच्या आणि गादीच्या मधल्या बोटभर जागेवर पैलवानाची तीन वर्षं ठरतात, तिथं ती जागा सगळ्यांना दाखवली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा आत टाकून निर्णयाला आव्हान देतो. चित्र पुन्हा बघतात. आव्हान फसलं तर समोरच्याला एक गुण मिळतो. साधी रीत आहे.

[दृश्य: यात्रेतलं कुस्ती मैदान. हलगी. फेटे. झाडावर चढलेली पोरं.]

हा वाद आम्हा सीमाभागातल्या कुस्तीशौकिनांना इतका का लागला, ते समजायचं तर मैदानात यावं लागेल.

बेळगावात आनंदवाडीचा आखाडा आहे. येळ्ळूरला चांगळेश्वरीच्या यात्रेत मैदान भरतं. आणि उन्हाळा लागला की गावागावांतून हलगी ऐकू येते. इथं नेमलेले पंच असतात, पण खरी पंचगिरी करतो तो कडेनं बसलेला माणूस. जोड लावतानाच बघा. दोन पोरं समोरासमोर उभी केली. एक जाणता माणूस दोघांचे दंड चाचपतो, मान बघतो, आणि गर्दीकडं तोंड करून विचारतो, “बरी हाय का जोड?” गर्दी हो म्हणाली तरच सलामी. वजन कुणी विचारत नाही.

आणि आता हे बघा. सावकाश दाखवतोय.

[दृश्य: संथ गतीत. वरचा पैलवान डाव पूर्ण करतो, खालचा पाठीवर. मग तो उठतो, कॅमेरा त्याच्या पाठीवर थांबतो.]

त्याची पाठ. दोन्ही खांद्यांवर तांबडी माती. मधल्या पन्हाळीत घाम. आता कुणाला विचारायचं काय राहिलं? हरलेला स्वतः उठताना मागं हात नेतो, माती झटकतो, जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारतो आणि बाहेर जातो. शेकडो वर्षं आमचा निकाल असाच लागलाय, कारण मातीत पडलेल्याच्या पाठीला माती लागते. गादीवर पडलेल्याच्या पाठीला काहीच लागत नाही. तिथं कॅमेरा लागतो. अहिल्यानगरला तोच लावून धरला असता तर त्या पोरांची वर्षं वाचली असती, असं मला आजही वाटतं.

[दृश्य: एका घराच्या भिंतीवरची जुनी, पिवळी पडलेली कुस्तीची छायाचित्रं.]

बेळगावच्या मातीनं मोठे निकाल बघितलेत. दिल्लीच्या गुरू हनुमानांचा पट्ठा सतपाल. ज्यानं पुढं १९८२च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं आणि सुशीलकुमारला घडवलं, तो सतपाल. सत्तरच्या दशकात हा गडी महाराष्ट्रातल्या मैदानांवर धडकी भरवायचा. त्याला याच बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी चितपट केलं. बिराजदार म्हणजे १९६९चे महाराष्ट्र केसरी, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झालेले. या घरातले आजोबा त्या कुस्तीची गोष्ट सांगताना खुर्चीतून उठले, आणि डाव कसा बसला ते आमच्या कॅमेरामनलाच धरून दाखवायला लागले. तो भाग आम्ही तसाच ठेवलाय.

कोल्हापूर इथून सुमारे ११० किलोमीटर. १९१२ साली शाहू महाराजांनी तिथं खासबागेचं मैदान सुरू केलं. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं कुस्ती बघायची तर बैलगाडीनं जाऊन बघितली. आजही इथला पोरगा जरा चमकला की वस्ताद त्याच्या बापाला हळूच म्हणतात, “कोल्हापूरला ठेवूया का?”

[दृश्य: किराणा दुकान. धान्याच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलेला तेरा-चौदा वर्षांचा पोरगा.]

हे तालमीतलं दृश्य नाही. हे किराणा दुकान आहे, आणि हा काटा तांदळाच्या पोत्यांचा. तालमीत काटा नाही, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरं इथं येतात. दुकानदार हसून पोतं बाजूला करतो.

आता या काट्याशेजारी पॅरिसचं ऑलिंपिक ठेवून बघा. ६ ऑगस्ट २०२४. विनेश फोगाटनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं. टोकियोची सुवर्णविजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर कुणापुढं न हरलेली. आम्ही इथं फटाके आणून ठेवले होते. विनेश अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या गटात तिचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं, ती बाद झाली. रात्रभर व्यायाम केला होता, केससुद्धा कापले होते. १०० ग्रॅम म्हणजे या दुकानातलं सगळ्यात लहान वजन. क्रीडा लवादानंही १४ ऑगस्टला तिची रौप्यपदकाची मागणी फेटाळली.

विनेशच्या त्या सकाळनंतर दोनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं ५७ किलोत कांस्य घेतलं. त्यानं रात्रीच्या सुमारे १० तासांत ४.६ किलो वजन उतरवलं होतं. आणि तोच अमन सप्टेंबर २०२५मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत १.७ किलोनं जास्त भरला आणि कुस्ती न खेळताच बाहेर गेला. बंदी आली, मग मागं घेतली. त्या स्पर्धेत भारताला एकच पदक मिळालं, अंतिम पंघालचं कांस्य.

मला धक्का बसला तो अमनच्या बातमीनं. विनेशच्या वेळी आम्ही नशिबाला बोल लावला होता. अमनच्या वेळी तसं म्हणता येईना. जो गडी एका रात्रीत साडेचार किलो उतरवू शकतो, तो पावणेदोन किलोत अडकतो, म्हणजे चूक त्या रात्रीची नाही, आधीच्या कित्येक दिवसांची आहे. काटा रोज बघायचा असतो. आणि आमच्या पोरांनी काटा फक्त किराणा दुकानात बघितलाय.

[दृश्य: खाशाबा जाधवांचं भिंतीवरचं चित्र. हार.]

हे चित्र इथल्या तालमीतलं आहे. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ला लंडनला गेले तेव्हा गादी पायाखाली आली ती पहिल्यांदाच, तरी सहावे आले. मग चार वर्षं गादीची तयारी केली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. १९५२ला कांस्य आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, मातीत वाढलेल्या माणसाचं.

सहाव्या क्रमांकापासून पदकापर्यंतच्या मधल्या त्या चार वर्षांकडं बघा. आमच्या इथं सगळ्यांना हेलसिंकी माहीत आहे. लंडनबद्दल कुणी बोलत नाही.

आणि लांब कशाला जायचं? तुरमुरी इथून हाकेच्या अंतरावर. तिथली मलप्रभा जाधव २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये कुराश या कुस्तीसारख्या खेळाच्या ५२ किलो गटात कांस्य घेऊन आली. शेतकऱ्यांच्या गावातली पोरगी. ती ज्युडोच्या गादीवर तयार झाली. आमच्या तालमीत मुली अजून येत नाहीत.

[दृश्य: समाजमंदिराची खोली. निळ्या-पिवळ्या फोमच्या जुन्या गाद्या, मधल्या भेगा चिकटपट्टीनं जोडलेल्या.]

संध्याकाळचे सहा. समाजमंदिराची ही खोली गावानं आठवड्यातून तीन दिवस दिलीय. गाद्या एका शाळेनं टाकून दिलेल्या. पोरांनी आणून धुतल्या, चिकटपट्टीनं सांधल्या. नियमाची गादी बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद. ही खोलीच तेवढी नाही, त्यामुळं कडेबाहेर पाय पडला की गुण कसा जातो तेच पोरांना कळत नाही. डाव टाकताना भिंत येते. वर्तुळ खडूनं काढलंय, ते दर दहा मिनिटांनी पुसलं जातं.

वस्ताद इथं यायला तयार नव्हते. “गादीवर पाय घसरतोय पोरांचा,” म्हणायचे. मातीत बोटं रुतवून उभं राहायची सवय गादीवर चालत नाही, हे त्यांनीच ओळखलं. तिसऱ्या आठवड्यात ते दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या. आत आले नाहीत.

[दृश्य: दोन पोरं गादीवर. एक खाली जातो. कडेला मोबाइल विटेला टेकवून ठेवलेला, चित्रीकरण सुरू.]

तो विटेला टेकवलेला मोबाइल बघा. अहिल्यानगरची चित्रफीत दाखवणारा हाच तो पोरगा. आता प्रत्येक कुस्तीला मोबाइल लावतो.

“टेकला.”

“नाही टेकला.”

दोघं उठतात, मोबाइलजवळ जातात. वस्ताद दारातून आत येतात. खिशातून चष्मा काढतात, वाकतात. पोरगा बोटानं चित्र थांबवतो.

“मागं घे,” वस्ताद म्हणतात. “अजून थोडं मागं.”

[दृश्य: तिघांच्या पाठी, मोबाइलचा उजेड. बाहेरून हलगीचा आवाज.]